बोर्ड मागवण्याआधी: आमच्या पेलेट स्टोव्हची दोन महिन्यांची हकिगत

२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. नाताळच्या तोंडावर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये मोठं वादळ आलं आणि दुपारी दोनच्या सुमारास आमच्याकडची वीज गेली. आम्ही न्यू हॅम्पशरमध्ये राहतो, नॅशुआपासून वीस-पंचवीस मिनिटांवर, झाडीतल्या एका जुन्या घरात. वीज गेली तेव्हा खालच्या खोलीतला पेलेट स्टोव्ह पूर्ण पेटलेला होता. पंखे थांबले आणि दोन-तीन मिनिटांत खोलीत धूर कोंदला. धुराचा अलार्म बोंबलायला लागला. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई त्याच खोलीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांना वर नेलं, खिडक्या उघडल्या, आणि बाहेरची थंडी घरात घेत आम्ही अर्धा तास तसेच उभे राहिलो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला नाही, एवढंच त्या दिवसाचं समाधान.

तिथून जे सुरू झालं ते फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चाललं. त्या काळात मला जे कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते आहे. आपल्यातले बरेच जण आता या थंड राज्यांत जुनी घरं घेतात, आणि घराबरोबर असा स्टोव्हही पदरी येतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, पेन्सिलीएवढ्या जाड. चाळीस पौंडांची एक पिशवी येते आणि पन्नास पिशव्यांचा एक टन. एका टनात साधारण १२० गॅलन तेलाएवढी ऊब असते असा इकडचा हिशोब. त्या हिवाळ्यात तेल गॅलनला चार डॉलरच्या वर होतं, म्हणून आमचं घर मुख्यतः या स्टोव्हवरच तापत होतं. गोळ्या वरच्या पेटीत ओतायच्या. पेटीच्या तळाशी मळसूत्रासारखा दांडा असतो, त्याला ऑगर म्हणतात. एक छोटी मोटर तो थांबून थांबून फिरवते आणि गोळ्या खालच्या लोखंडी वाटीत पडत राहतात. वाटीला लागून इग्नायटर, म्हणजे विजेवर लाल होणारी कांडी. एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. हा प्रकार १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने घडवला. त्यात इंधन मोटर देते आणि हवाही पंखाच देतो, त्यामुळे वीज नसेल तर हा स्टोव्ह म्हणजे नुसती लोखंडाची पेटी.

२५ डिसेंबरला पहाटे वीज आली. स्टोव्ह सुरू झाला, पण पहिल्यासारखा नाही. बटण दाबलं, पंखा फिरला, मिनिटभराने इग्नायटर सुरू झाला की डिस्प्ले क्षणभर विझायचा, पुन्हा लागायचा आणि सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पेटायचा. नवरा म्हणाला, वादळानंतर व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, थांबू थोडे दिवस. आम्ही थांबलो. हे थांबणं चुकलं. यंत्र वागणं बदलतं त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवायला हवं होतं: काय सुरू झाल्यावर काय बंद पडलं. पुढे ज्याने त्याने मला हाच प्रश्न विचारला आणि मला आठवून आठवून सांगावं लागलं.

१५ जानेवारी, रविवार, संक्रांत. सासूबाई तिळगुळाचा पाक बघत होत्या आणि मी स्टोव्हशी झगडत होते. सहा वेळा प्रयत्न केला, सहाही वेळा डिस्प्ले विझला. संध्याकाळपर्यंत खालची खोली बारा सेल्सिअसवर आली. सासूबाईंना, म्हणजे आईंना, वरच्या खोलीत हलवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पायात दोन जोड मोजे चढवलेले दिसले आणि मला फार वाईट वाटलं. आपण त्यांना एवढ्या लांब बोलावलं आणि त्यांना गारठ्यात बसवलं.

सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. मंगळवारी, १७ तारखेला, सकाळी नऊला स्टोव्हच्या दुकानात फोन लावला. भेटीची पहिली तारीख मिळाली २१ फेब्रुवारी. पाच आठवडे! येऊन बघण्याचे १७५ डॉलर, सुटे भाग वेगळे. मी लक्षणं सांगितली तर पलीकडचा माणूस म्हणाला, बहुधा कंट्रोल बोर्ड (स्टोव्हच्या सगळ्या भागांना हुकूम देणारी सर्किटची पाटी) गेलाय, वादळानंतर अशा पुष्कळ तक्रारी आल्यात. बोर्ड ३४० डॉलरचा, आणि विजेचा कुठलाही भाग एकदा घेतला की परत घेत नाहीत. त्याचं बोलणं आपुलकीचं होतं, फोनवर त्याला तेवढंच सांगता येत होतं. मी नाव-पत्ता देऊन तारीख धरून ठेवली आणि बोर्ड संध्याकाळी मागवते म्हणाले.

त्याच दुपारी स्टोव्ह बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केला. त्यासाठी अनुक्रमांक लागतो. तो स्टोव्हच्या पाठीवरच्या पत्र्याच्या पाटीवर असतो आणि स्टोव्ह भिंतीला लागून, म्हणून फोन मागे सरकवून फोटो काढला. स्टोव्ह २०१७चा, आधीच्या घरमालकाने बसवलेला, आम्ही घर घेतलं २०१९ मध्ये. शुक्रवारी, २० तारखेला, उत्तर आलं: विजेच्या भागांना एक वर्षाची हमी आणि तीही पहिल्या खरेदीदारालाच. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी न मागता वायरिंगच्या आकृतीची पीडीएफ जोडली होती, आणि पुढच्या सगळ्या कामात तीच उपयोगी पडली. हमी संपली असली तरी कंपनीला लिहा आणि आकृती मागा.

त्याआधी, मंगळवारीच रात्री साडेनऊला, मी दादाला फोन केला. माझा भाऊ इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. आमच्या रात्री साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे आठ, दुकान उघडायची वेळ. पेलेट स्टोव्ह त्याने जन्मात पाहिलेला नाही. मी सांगत गेले, तो ऐकत होता. मग म्हणाला, "डिस्प्ले विझतो तो नक्की कधी?"

"ती कांडी सुरू झाली की."

"म्हणजे लोड आला की. बोर्ड-बिर्ड राहू दे. सप्लाय कुठपर्यंत नीट येतोय ते आधी बघ की."

"सॉकेटमध्ये वीज आहे रे दादा. फोन चार्ज होतोय त्यावर."

"फोनला काय लागतं गं? लूज कनेक्शनवर फोन चार्ज होतोय. लोड टाकल्यावर कळतं."

त्याने सांगितलेली चाचणी इतकी साधी होती की मी ती इथे सविस्तर देते. भिंतीतल्या जोड-सॉकेटच्या वरच्या भागात जुन्या पद्धतीचा, तारेच्या बल्बाचा टेबललँप लावला. खालच्या भागात स्टोव्ह. लँप चालू ठेवून स्टोव्हचं बटण दाबलं. पंखा फिरला तेव्हा लँपला काही झालं नाही. मिनिटभराने इग्नायटर सुरू झाला आणि बल्ब एकदम पिवळा-तांबडा झाला, आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज उतरल्यावर व्हायचा तसा. त्याच क्षणी डिस्प्ले गेला. म्हणजे बोर्डाला वीज मिळत होती ती अपुरी, आणि बोर्ड बिचारा बंद पडून पुन्हा उठत होता. स्टोव्ह बंद करून प्लग उपसला तर त्याचं एक पातं हाताला चटका बसेल इतकं तापलेलं.

दादा एवढंच म्हणाला, "आता त्याला हात लावू नकोस. मेन बंद कर. वायरमन बोलव."

हे मी ठळकपणे सांगते: प्लग गरम लागला तर पुढची चाचणी घरी करायची नाही. त्या सॉकेटचा ब्रेकर पाडायचा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला फोन करायचा. घरं लाकडाची आहेत.

इलेक्ट्रिशियन मिळाला आठवड्याने, मंगळवार २४ जानेवारीला. मधल्या काळात तेलाचा जुना बॉयलर चालवला. टाकीत तेल तळाला होतं आणि कमीत कमी १०० गॅलन घेतल्याशिवाय गाडी येत नाही, त्याचे ४२९ डॉलर गेले. आईंच्या खोलीत विजेचा हीटर ठेवला, तोही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनची वायर न वापरता. तेवीस तारखेला पुन्हा जड बर्फ पडलं. मी रोज रात्री झोपण्याआधी हीटरच्या प्लगला हात लावून बघत होते.

इलेक्ट्रिशियन मध्यमवयीन, कमी बोलणारा. त्याने मीटर लावला: नुसतं बघितलं तर ११८ व्होल्ट, अगदी ठीक. स्टोव्ह सुरू करून इग्नायटर आल्यावर बघितलं तर ९६. सॉकेट भिंतीतून ओढून बाहेर काढलं आणि मला बोलावून दाखवलं. तारा बाजूच्या स्क्रूखाली आवळलेल्याच नव्हत्या. मागच्या बारीक भोकात नुसत्या खुपसलेल्या होत्या. इकडे पूर्वी घाईच्या कामात असं सर्रास करत. पांढऱ्या तारेचं टोक काळं पडलं होतं आणि त्याभोवतीचं प्लॅस्टिक कॅरमलसारखं वितळून पुन्हा थिजलं होतं. मी ते बोटाने दाबलं तर त्याचा तुकडा पडला. महिनाभर त्याच्यापासून चार फुटांवर आई बसत होत्या.

इथे रंगांबद्दल एक गोष्ट, आणि ती भारतातून आलेल्या प्रत्येकाने मनात पक्की करावी. आपल्याकडे लाल फेज आणि काळी न्यूट्रल हे डोक्यात बसलेलं असतं. अमेरिकेत काळी तार म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरी, आणि अर्थिंगची हिरवी किंवा उघडी तांब्याची. दादा फोनवर दोनदा सहज बोलून गेला होता की काळीचं काही नाही, ती न्यूट्रल. मी आकृती उघडून त्याला दाखवली तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "हे बरं झालं बघितलंस." त्यानंतर आम्ही फोनवर रंग बोलायचंच सोडलं. आकृतीवरचा क्रमांक बोलायचो.

त्या दिवशी इलेक्ट्रिशियनने नवं सॉकेट बसवलं, तारा स्क्रूखाली आवळल्या, १६५ डॉलर घेतले. म्हणाला, ही लाइन स्वयंपाकघराच्या काही सॉकेटांशी जोडलेली आहे, स्टोव्हला पॅनेलपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. त्याचे ४२० डॉलर, आणि त्याला गावाची परवानगी लागते. गावच्या कचेरीत बांधकाम विभाग सोमवार ते गुरुवारच उघडा असतो. २५ तारखेला मी गेले. अर्ज एका पानाचा, पण त्यात घराचा नकाशा क्रमांक आणि भूखंड क्रमांक मागतात. पत्ता पुरत नाही. हे दोन्ही क्रमांक मालमत्ता कराच्या बिलावर असतात, ते बिल बरोबर न्या. मी नेलं नव्हतं, पण खिडकीतल्या बाईंनी वहीतून शोधून दिलं. चाळीस डॉलर, रोख किंवा चेक. त्यांनीच आमच्या घराची फाइल काढून २०१७ची स्टोव्ह बसवण्याची परवानगी दाखवली आणि तिची छायाप्रत दिली. ती नंतर विमा कंपनीला लागली. त्यांना कळवलं तेव्हा त्यांनी मूळ परवानगी, नव्या लाइनची परवानगी आणि स्टोव्हचे दोन फोटो मागितले.

आता २४ तारखेच्या संध्याकाळकडे परत येते. नवं सॉकेट, लखलखीत डिस्प्ले. बटण दाबलं. पंखा आला, इग्नायटर आला, लँप जराही मंदावला नाही. मी आईंना खाली बोलावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाटीत एकही गोळी पडेना. ऑगर फिरतच नव्हता. वीस मिनिटांनी स्टोव्हने चूक दाखवली आणि बंद झाला. मी तिथेच खाली फरशीवर बसले. इतके दिवस, इतके पैसे, आणि शेवटी बोर्डच गेलेला असणार असं वाटून रडू आलं. आई काही न बोलता वर गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

रात्री ती आकृती घेऊन बसले. पहिल्यांदा नुसतं जाळं दिसतं. मग बोट ठेवून बोर्डापासून ऑगरच्या मोटरपर्यंतची एकच रेघ धरली. मोटरकडे जाणारी वीज वाटेत तीन स्विचांतून जात होती: गोळ्यांच्या पेटीच्या झाकणाचा, फार तापल्यास तोडणारा, आणि व्हॅक्यूम स्विच. तिन्ही एकामागोमाग एक. गणपतीच्या मखराला लावायचो त्या जुन्या माळेसारखं, एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. म्हणजे मोटर चांगली असेल, बोर्डही चांगला असेल, पण तिघांतला एक जरी उघडा राहिला तरी गोळी पडणार नाही. प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या स्टोव्हची आकृतीच बघायची.

शनिवार, २८ जानेवारी, सकाळी नऊ. दादाकडे संध्याकाळचे साडेसात, दुकान बंद करून तो कॅमेऱ्यावर बसलेला. ३९ डॉलरचा मल्टिमीटर आणला होता. प्लग काढून माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला. स्टोव्ह चार दिवस गार होता, त्यामुळे राख साफ करायला अडचण नव्हती. राखेत निखारा दडून राहतो, गरम स्टोव्हला घरचा व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नका. बाजूच्या पत्र्याचे तीन स्क्रू काढले. एकही तार उपसण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढले आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक लिहिला. माझा नऊ वर्षांचा मुलगा बॅटरी धरून उभा होता आणि क्रमांक मोठ्याने वाचत होता.

मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे विजेची वाट जोडलेली असेल तर बीप देतो त्या खुणेवर. दोन टोकं एकमेकांना लावून बीप येतो ते आधी तपासायचं.

झाकणाचा स्विच: झाकण लावल्यावर बीप. ठीक. फार तापल्यावर तोडणारा: लहान रुपयाएवढी चकती, मध्ये लाल बटण. ते आत दाबून बघायचं, उडालेलं असेल तर खट आवाज होऊन बसतं. आमचं बसलेलंच होतं. बीप आला. शेजारी तशीच दुसरी चकती, बटणाशिवाय. तिला बीप नाही. पुन्हा लावलं, तरी नाही. मी म्हणाले, "दादा, सापडली! ही गेलीये."

तो म्हणाला, "थांब. तिचं काम काय लिहिलंय?"

आकृतीत लिहिलं होतं: आग लागल्याची खात्री देणारी.

"मग गार असताना ती उघडीच असणार की. आग नाहीच आहे. तिला गरम कर."

केस वाळवायचा ड्रायर आणला आणि चकतीवर धरला. मिनिटभराने बारीकसा टिक् आवाज आला आणि मीटर वाजला. गार झाल्यावर पुन्हा टिक् आणि पुन्हा शांत. दिसायला जुळ्या बहिणींसारख्या या दोन चकत्या, पण एक गार असताना जोडलेली आणि दुसरी गार असताना तुटलेली असते. हे माहीत नसेल तर चांगला भाग फेकून देऊन माणूस नवा विकत घेतो.

राहिला व्हॅक्यूम स्विच. तळहातावर मावेल अशी चपटी डबी, दोन तारा आणि एक रबरी नळी. धूर ओढणारा पंखा फिरला की आत हवेची ओढ तयार होते, ती नळीतून डबीतल्या पडद्याला खेचते आणि स्विच जोडला जातो. दार उघडं असेल किंवा धुराडं तुंबलं असेल तर ओढ तयार होत नाही, स्विच उघडा राहतो आणि गोळ्या बंद होतात. घरात विषारी वायू येऊ नये म्हणून ही सोय आहे. अनेक जण सुचवतात की या स्विचच्या दोन तारा एकमेकांना जोडून द्या, स्टोव्ह चालू होईल. चालू होईल हे खरं, म्हणूनच ते भयंकर आहे. मी ते केलं नाही, कुणी करू नये.

प्लग काढलेलाच होता. डबीच्या बाजूची नळी काढली, तिथे स्वच्छ नळीचा तुकडा लावून तोंडाने अगदी हळू ओढलं, श्वास घेतो तेवढंच. खट. बीप. सोडलं, शांत. पुन्हा तसंच. स्विच ठणठणीत होता.

मग दादा आणि मी दोघेही काही क्षण गप्प. सगळे स्विच चांगले, मग माळ तुटली कुठे? मुलानेच ती काढलेली नळी बॅटरीसमोर धरली. म्हणाला, "आई, यातून काहीच दिसत नाही." नळीत राख भरून दगडासारखी झाली होती. आणि स्टोव्हच्या अंगाला जिथे ती बसते त्या टोकाशी रबर कडक होऊन चिरलं होतं, जुन्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबसारखं. पंखा ओढत होता, पण ती ओढ डबीपर्यंत पोचतच नव्हती. दोन आठवडे मी ज्याला विजेचा बिघाड म्हणत होते त्याचा हा अर्धा भाग हवेचा होता. स्विच विजेचा असला तरी तो खबर देतो ती हवेची.

स्टोव्हच्या अंगावरचं ते बारीक पितळी तोंड कागदाची क्लिप सरळ करून मोकळं केलं. हे करताना नळी डबीला जोडलेली नको आणि डबीच्या दिशेने फुंकर किंवा दाबाची हवा मुळीच नको, आतला पडदा फाटतो. मग धुराचा पंखा उघडला. पात्यांवर करड्या राखेचा थर इतका की दोन पात्यांमधली फट भरून आली होती. जुन्या रंगाच्या ब्रशने तासभर साफ केला. पंखा उघडला की त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद करणारी पट्टी, बदलावंच लागतं. इग्नायटरही मोजून ठेवला, ४७ ओहम. दादाने लगेच हिशोब केला: १२० व्होल्टवर साधारण ३०० वॅट, म्हणजे तोही चांगला.

नळी आणि गॅस्केट सोमवारी, ३० तारखेला, त्याच दुकानातून आणलं, दोन्ही मिळून २२ डॉलर. नळी सिलिकॉनची, उष्णता सोसणारीच घ्यायची, मत्स्यपेटीची प्लॅस्टिकची चालत नाही. संध्याकाळी फोटो बघत, क्रमांक जुळवत सगळं परत जोडलं. आठ वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबलं. पंखा. इग्नायटर. आणि मग टण्, टण्, टण्. लोखंडी वाटीत गोळ्या पडण्याचा आवाज. तो आवाज इतकी वर्षं घरात होता आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. सात मिनिटांनी ज्योत उभी राहिली. मी दादाला फक्त ज्योतीचा फोटो पाठवला.

मंगळवारी, ३१ तारखेला, स्वतंत्र लाइन आली. आणि शुक्रवारी ३ फेब्रुवारीला ती थंडीची लाट. त्या रात्री इथल्या माउंट वॉशिंग्टनवर तापमान उणे ४७ फॅरनहाइट, म्हणजे उणे ४४ सेल्सिअस, आणि वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे १०८ फॅरनहाइट नोंदली गेली. आमच्या ओसरीवरच्या तापमापीवर पहाटे उणे १३ होतं, सेल्सिअसमध्ये उणे २५. खालच्या खोलीत वीस. मी रात्रभर दर दोन तासांनी उठत होते, एकदा ज्योत बघायला, एकदा प्लगला हात लावायला. तो गारच लागत होता. तीनच्या सुमारास आई जाग्या दिसल्या. म्हणाल्या, "झोप आता. मी बघते त्याच्याकडे."

९ फेब्रुवारीला गावचा निरीक्षक येऊन पॅनेलवर सही करून गेला, दहा मिनिटांचं काम. त्या कागदाची प्रत विमा कंपनीला पाठवली, चार दिवसांनी त्यांची पोच आली.

२१ फेब्रुवारीची दुकानाची भेट मी रद्द केली नाही. आपण जे केलं ते जाणत्या माणसाने तपासायला हवं होतं. त्याने धुराड्याच्या मार्गातली ओढ गेजने मोजली, दाराच्या गॅस्केटमध्ये एक डॉलरची नोट अडकवून ती सुटते का ते चारी बाजूंनी बघितलं, आणि पाइपच्या वळणातून दोन इंच राख काढली. त्याचा अंदाज असा की डिसेंबरात पेटलेला स्टोव्ह एकदम बंद पडला तेव्हा धूर आणि राख आत साचली आणि आधीच अर्धी तुंबलेली नळी त्यानंतर हळूहळू पुरती बुजली. त्याचे १७५ डॉलर. तेल सोडून एकूण खर्च ८६१ डॉलर झाला, त्यातला निम्मा स्वतंत्र लाइनचा. ३४० डॉलरचा बोर्ड आधी मागवला असता तर तोही त्याच ९६ व्होल्टवर विझला असता, आणि तो परतही गेला नसता.

वीज अचानक जाण्यावर उपाय म्हणून त्याने यूपीएस सुचवला. शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणाराच घ्या म्हणाला, संगणकाच्या स्वस्त यूपीएसवर या मोटरी घरघरतात आणि तापतात. आमचा पेटल्यानंतर शंभर-सव्वाशे वॅट खातो, त्यावर अर्धा-पाऊण तास निघतो. रात्र काढायला तो पुरत नाही, पण आग विझेपर्यंत पंखा फिरत राहून धूर बाहेर जातो. आम्ही मार्चमध्ये घेतला. पुढची साफसफाई मेमध्ये नोंदवली. तेव्हा दुकानात रांग नसते, हवी ती तारीख मिळते.

बाजूचा पत्रा शेवटचा लावण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, उष्णतेपासून दूर, खालच्या कोपऱ्यात. माझ्या अक्षरात, मराठीत:

प्लग काढलाय का?
काळी = फेज.
झाकण लावलेलं – बीप.
लाल बटणवाली, गार – बीप.
बिनबटणाची, गार – बीप नाही. ड्रायर धरल्यावर बीप.
व्हॅक्यूम डबी – हळू ओढल्यावर बीप.
नळी उजेडासमोर धर.